ड्रमवर १८७९, आठवणीत १९७४: प्रॉटेस्टंट फ्लूट बँडचा इतिहास लिहिताना

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपण नोकरीनिमित्त उत्तर आयर्लंडमधील अँट्रिम काउंटीतल्या एका लहान शहरात राहता. तिथल्या प्रॉटेस्टंट फ्लूट बँडमध्ये वाजवणाऱ्या एका सहकाऱ्याने, आपला लिहिण्याचा हात बरा आहे हे पाहून, बँडच्या इतिहासाची पुस्तिका आपल्यावर सोपवली आहे. बँडच्या मोठ्या ड्रमवर १८७९ हे साल रंगवलेले आहे, सरावाच्या हॉलमधील सर्वांत जुन्या छायाचित्राखाली १९२१ लिहिले आहे, आणि सर्वांत ज्येष्ठ सभासद मात्र ठामपणे सांगतात की, ‘बँड आम्ही १९७४ साली काढला.’ यांपैकी खरे साल कोणते, आणि धार्मिक-राजकीय तेढीचा भाग आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाने किती लिहावा, असे आपण विचारले आहे.

मी पाश्चात्त्य फ्लूट शिकवतो, जुने बँड-फ्लूट दुरुस्त करतो आणि त्या ओघात अशा काही बँडांची जुनी दप्तरे लावून देण्याचे कामही करत आलो आहे. त्या अनुभवावरून आधी एवढेच सांगतो की, ही तिन्ही साले एकाच वेळी खरी असू शकतात. सालांचे भांडण वरवरचे आहे. बँड म्हणजे नक्की काय टिकून राहिले, नाव, माणसे, हॉल, वाद्ये की लॉजशी, म्हणजे ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंट संघटनेच्या स्थानिक शाखेशी, असलेले नाते, हा त्याखालचा प्रश्न आहे, आणि या प्रत्येक गोष्टीचे वय वेगळे निघते. अमुक गोष्टीचे वय आपण मोजत आहोत, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिले की तिन्ही साले आपापल्या जागी बसतात.

यातील बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. बँड ज्या ऑरेंज लॉजबरोबर चालत असे त्या लॉजची इतिवृत्ते शाबूत आहेत की नाहीत, हॉलला कधी आग लागली होती का, तिथले स्थानिक वृत्तपत्र टिकले की बंद पडले, यांवर आपण १९२१ च्या मागे किती जाऊ शकाल हे ठरेल. पुढे जे सांगतो ते या मर्यादेतच वाचावे.

प्रथम १८७९ घेऊ. फ्लूट आणि ड्रम ही जोडी मुळात लष्करातली. पायदळाच्या तुकड्या फाइफ नावाच्या आखूड आडव्या बासरीच्या आणि ड्रमच्या तालावर चालत, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस मिलिशिया व योमनरी या स्थानिक सैन्यदलांमधून हे वादन अल्स्टरच्या, म्हणजे आयर्लंडच्या उत्तर भागातल्या, गावागावांत उतरले. ऑरेंज ऑर्डरची स्थापना सप्टेंबर १७९५ मध्ये आर्मा काउंटीतील लॉकगॉल येथे झाली आणि तिची पहिली संचलने पुढच्याच वर्षी १२ जुलैला निघाली. १६९० च्या बॉइनच्या लढाईत प्रॉटेस्टंट विल्यम राजाने कॅथलिक जेम्स राजाचा पराभव केला, त्याचे हे स्मरण. त्या मिरवणुकांत वाजत ते फाइफ आणि ड्रम. आज आपण पाहतो तसा गणवेशातला, ठरावीक रचनेचा बँड तेव्हा नव्हता.

मध्ये कायदा आला, आणि तो आपल्या कामाचा आहे. १८३२ च्या पार्टी प्रोसेशन्स अ‍ॅक्टने आणि तो संपल्यावर १८५० च्या त्याच नावाच्या कायद्याने शस्त्रे, निशाणे आणि चिथावणीखोर संगीत घेऊन निघणाऱ्या मिरवणुकांवर बंदी घातली. दुसरा कायदा येण्याचे निमित्त म्हणजे जुलै १८४९ मध्ये डाउन काउंटीत डॉलीज ब्रे येथे ऑरेंजमन आणि कॅथलिक यांच्यात झालेला रक्तपात. १२ जुलै १८६७ रोजी बॅलिकिलबेगच्या विल्यम जॉन्स्टन या जमीनदाराने ही बंदी उघड मोडून न्यूटनार्ड्सहून बँगरपर्यंत मोठी मिरवणूक नेली. त्याबद्दल त्याला १८६८ मध्ये तुरुंगवास झाला, आणि तुरुंगातून सुटल्यावर त्याच वर्षी बेलफास्टने त्याला खासदार म्हणून निवडून दिले. १८७२ मध्ये कायदा रद्द झाला. आपल्या ड्रमवरचे साल त्यानंतर सात वर्षांनी येते. मिरवणुका पुन्हा उजळ माथ्याने निघू लागल्या होत्या, लॉजना वाजवणारे हवे होते आणि लिनन गिरण्यांमुळे गावागावांत पगारदार तरुणांचे गट तयार झाले होते. त्यामुळे १८७९ हे साल संभवनीय आहे. पण जे संभवते ते घडलेच असे नाही, ही सावधगिरी पुस्तिकेत दिसली पाहिजे.

याहून जुनी साले सांगणारे बँडही आहेत. डेरी शहरातील चर्चिल फ्लूट बँड आपली स्थापना १८३५ ची सांगतो आणि त्याच शहरातील हॅमिल्टन फ्लूट बँड १८५६ ची. बंदीच्या काळातील साल दिसले म्हणून ते खोटे मानण्याचे कारण नाही. त्या काळातील वादनाचा उत्तम पुरावा अनेकदा कोर्टाच्या बातम्यांत सापडतो, कारण रस्त्यावर पक्षीय चाली वाजवल्याबद्दल लोकांवर खटले होत आणि वृत्तपत्रे ते छापत.

वृत्तपत्रे शोधताना एक-दोन व्यावहारिक गोष्टी लक्षात असू द्याव्यात. १२ जुलैच्या मिरवणुकीचे वृत्त १३ किंवा १४ तारखेला येते, आणि १२ तारीख रविवारी आली तर मिरवणूक सोमवारी निघते, म्हणून त्या वर्षी आणखी एक दिवस पुढे पाहावे लागते. ‘फ्लूट बँड’ एवढेच शोधून थांबू नये. जुन्या बातम्यांत त्याच मंडळींना ‘फाइफ अँड ड्रम बँड’ किंवा नुसते ‘ड्रमिंग पार्टी’ म्हटलेले असते. १७३७ पासून निघणारे ‘बेलफास्ट न्यूज-लेटर’ मिरवणुकांची वर्णने सविस्तर छापत असे. त्यात बँडचे नाव मिळाले नाही तर लॉजचा क्रमांक शोधावा. बँड नाव बदलतो, फुटतो, पुन्हा जुळतो, पण लॉजचा वॉरंट क्रमांक, म्हणजे सनदेचा क्रमांक, सहसा टिकतो. तो क्वचित बंद पडून दुसऱ्याच लॉजला मिळालेला असू शकतो, म्हणून क्रमांकाबरोबर गावाचे नाव जुळते का हे तपासून घ्यावे. सभासदांची नावे हाती आली की १९०१ आणि १९११ च्या आयरिश जनगणनेचे अर्ज आंतरजालावर मोफत पाहता येतात. त्यांत वय, धर्म आणि व्यवसाय दिलेला असतो. ड्रम वाजवणारा गिरणीत कापड विणत होता की शेतमजुरी करत होता, हे कळले की पुस्तिकेत जीव येतो.

आता खुद्द ड्रमविषयी. ड्रमवरचे साल हा ड्रम रंगवला तेव्हाच्या लोकांच्या समजुतीचा पुरावा असतो, स्थापनेचा नव्हे. नाव आणि साल पानावर, म्हणजे ताणलेल्या कातड्यावर, लिहिलेले असेल तर ते पान किती जुने आहे हे पाहावे. प्लास्टिकचे पान असेल तर ते लेखन गेल्या काही दशकांतले आहे हे उघड आहे. लाकडी कवचावर लिहिलेले असेल तर खोली अंधारी करून एका बाजूने विजेरीचा तिरपा झोत टाकावा. एका बँडच्या कवचावर नव्या निळ्या रंगाखाली जुन्या अक्षरांच्या कडा अशा उजेडात वर उठून दिसल्या होत्या: नाव तेच, पण गावाऐवजी गिरणीचे नाव, आणि साल कुठेच नव्हते. साल पुढच्या कोणा पिढीने घातले होते. तो बँड एका गिरणीच्या कामगारांनी सुरू केला होता, हे त्या दिवशी प्रथमच कळले, आणि मला विचाराल तर सालापेक्षा ती माहिती मोलाची होती.

१९२१ च्या छायाचित्राकडे बारकाईने पाहा. ड्रम दोरीने ताणलेला आहे की लोखंडी दांड्या व स्क्रूंनी, हे टिपून ठेवा. वादकांच्या हातातील फ्लूट सारख्याच लांबीचे आहेत का, हे त्याहून महत्त्वाचे. सगळे आखूड असतील तर बँड सर्वांनी मिळून एकच चाल वाजवणारा होता. आखूड, मध्यम आणि लांब असे तिन्ही दिसले तर तो ‘पार्ट म्युझिक’ वाजवणारा बँड होता, म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा फ्लूट, मधल्या आवाजाचे फ्लूट आणि खर्जातले बेस फ्लूट अशी स्वतंत्र स्वरलेखने समोर ठेवून वाजवणारा. अशा बँडमध्ये नोटेशन वाचणारा बँडमास्टर असे, स्पर्धांमध्ये चार आवाजांतील रचना वाजवल्या जात, आणि मिरवणूक हा वर्षभराच्या कामाचा केवळ एक भाग असे. छायाचित्रात स्त्रिया नसतील. त्या या बँडांत मोठ्या संख्येने आल्या त्या बऱ्याच नंतर.

१९२१ या सालालाच वजन आहे. त्या वर्षी उत्तर आयर्लंड हा वेगळा प्रांत अस्तित्वात आला. त्याआधी पाच वर्षे, १ जुलै १९१६ रोजी, सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी ३६ व्या अल्स्टर डिव्हिजनची भयंकर हानी झाली होती. पहिल्या दोन दिवसांतच मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून सुमारे ५,५०० माणसे गेली. ही डिव्हिजन मुख्यतः १९१३ मध्ये उभ्या राहिलेल्या अल्स्टर व्हॉलंटियर फोर्सच्या माणसांतून भरली गेली होती, आणि एका गावचे बँडवाले बहुधा एकाच बटालियनमध्ये जात. म्हणून गावच्या युद्धस्मारकावरील नावे बँडच्या जुन्या नावांशी ताडून पाहा. युद्धात बंद पडलेला बँड १९२१ च्या सुमारास नव्याने जुळवला गेला आणि त्याचेच हे छायाचित्र काढले गेले, अशी शक्यता मला दिसते. सिद्ध होईपर्यंत ती शक्यता म्हणूनच लिहावी.

वाद्येही साक्ष देतात. हॉलच्या कपाटात जुने फ्लूट पडलेले असतील तर त्यांवरील शिक्का वाचा. ‘बूझी अँड हॉक्स’ असा जोडशिक्का असेल तर तो फ्लूट १९३० नंतरचा, कारण त्याच वर्षी या दोन लंडनच्या कंपन्या एक झाल्या. नुसते ‘हॉक्स अँड सन’ असेल तर सामान्यतः त्याआधीचा. दुसरी खूण सुराची. ब्रिटनमध्ये बँडांची जुनी पट्टी आजच्यापेक्षा जवळजवळ पाव स्वर चढी होती, म्हणजे आजच्या ४४० ऐवजी सुमारे ४५२ हर्ट्झ. ब्रिटिश लष्कराने ती १९२० च्या दशकाअखेरीस सोडली, पण नागरी बँड जुनी वाद्ये टाकून देणे परवडत नसल्यामुळे कितीतरी वर्षे तीच धरून बसले. कपाटातला फ्लूट आजच्या फ्लूटशी कितीही प्रयत्न केला तरी जुळत नसेल तर तो बिघडलेला आहे असे समजून टाकून देऊ नका. बहुधा तो चढ्या पट्टीचा आहे, आणि बँडने एकदम सगळी वाद्ये कधी बदलली हे शोधण्याचा धागा त्यातून मिळतो. हिशेबाच्या वहीत त्या वर्षी वर्गणी किंवा कर्जाची मोठी नोंद असेल.

आता १९७४. माझ्या मते आपल्या पुस्तिकेचा गाभा इथे आहे आणि नेमका हाच भाग अशा पुस्तिकांत दोन ओळींत उरकलेला असतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकात या बँडांचे स्वरूपच पालटले. १९६९ मध्ये कॅथलिक-प्रॉटेस्टंट दंगली पेटल्या, सैन्य रस्त्यावर आले, १९७२ मध्ये स्टॉर्मांटचे प्रांतिक सरकार स्थगित झाले, मे १९७४ मध्ये अल्स्टर वर्कर्स कौन्सिल या प्रॉटेस्टंट कामगारांच्या संघटनेच्या संपाने प्रांत ठप्प झाला. जहाजबांधणी आणि लिनन हे दोन्ही उद्योग उतरणीला लागले होते, बेलफास्टमधील जुने कामगार मोहल्ले पाडून लोकांना शहराबाहेरच्या वसाहतींत हलवले जात होते. ज्या गिरण्या, शाळा, चर्च आणि लॉज जुन्या बँडांना माणसे पुरवत, त्यांची पकड सैल झाली, आणि सोळा-अठरा वर्षांच्या मुलांनी स्वतःचे बँड काढले.

या नव्या बँडांना ‘ब्लड अँड थंडर’ म्हणतात; विरोधक आणि कधीकधी स्वतः वाजवणारेही त्यांना ‘किक द पोप’ बँड म्हणतात. आवाजांची विभागणी गेली. सगळ्यांच्या हाती एकाच जातीचा, पाच चाव्यांचा, बी-फ्लॅट म्हणून ओळखला जाणारा आखूड फ्लूट आला. तो स्वस्त, खिशात मावणारा आणि नोटेशन न वाचता, कानाने किंवा बोटांच्या खुणांच्या कागदावरून काही महिन्यांत शिकता येणारा. मागे साइड ड्रमची रांग, आणि मध्यभागी बेस ड्रम. हा ड्रम वाजवणारा नुसता ताल धरत नाही, तोच बँडचा चेहरा असतो. तो इतक्या जोराने आणि इतका वेळ मारतो की बोटांची पेरे ड्रमच्या कडेवर घासून सोलतात आणि पानावर रक्ताचे डाग पडतात. मिरवणूक संपल्यावर तो डाग तसाच ठेवून ड्रम गाडीत चढवताना मी पाहिले आहे. आपण विचारले आहे की हे आपल्याकडच्या ढोल-ताशा पथकांसारखे आहे का. तरुणांचा सहभाग, पथकाचा अभिमान आणि मार्गावरून होणारे वाद एवढ्यापुरते ते साम्य खरे आहे, पण त्याहून पुढे नेऊ नये, कारण इथे प्रत्येक चालीमागे समोरच्या समाजाला ठाऊक असलेला अर्थ असतो.

या बदलाबरोबर सत्तेचे पारडेही फिरले. पूर्वी बँड लॉजचा असे. आता बहुतेक बँड स्वतंत्र आहेत आणि लॉज त्यांना त्या दिवसापुरते बोलावते, मद्यपान आणि निमलष्करी (म्हणजे बेकायदा सशस्त्र संघटनांची) चिन्हे यांना मनाई करणाऱ्या अटींवर सही घेऊन. वसंतापासून सप्टेंबरपर्यंत शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी बँड स्वतःच्या मिरवणुका भरवतात, तिथे इतर बँड येतात आणि चषक दिले जातात. ज्येष्ठ सभासद ‘आम्ही १९७४ ला काढला’ म्हणतात तेव्हा त्यांना हेच सुचवायचे असावे. हॉल जुना असेल, ड्रमही जुना असेल, पण कोणाच्या परवानगीशिवाय उभा राहिलेला हा बँड त्यांचा. त्यांना खोडून काढू नका. त्यांना विचारा की १९७३ साली त्या हॉलमध्ये कोण सराव करत असे, आधीच्या मंडळींपैकी कोणी शिकवायला आले का, फ्लूट कोठून आणले, पहिल्या चाली कोणाकडून घेतल्या. जुन्या बँडचा एक जरी वादक नव्यात शिकवायला आला असेल तर सलगतेचा तोच खरा दुवा.

जाता जाता, जुन्या परंपरेची उंची किती होती हे बँडमधील तरुणांना सांगायचे असेल तर जेम्स गॉल्वे यांचे उदाहरण द्या. १९३९ मध्ये बेलफास्टमध्ये जन्मलेले हे वादक लहानपणी तिथल्या फ्लूट बँडमध्येच घडले आणि १९६९ ते १९७५ बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये प्रमुख फ्लूटवादक होते. पार्ट म्युझिक वाजवणारे बँड आजही आहेत, संख्येने कमी असले तरी. ते संपले असे लिहू नये.

वादग्रस्त भागाविषयी माझे मत स्पष्ट आहे: तो गाळला तर पुस्तिका खोटी होईल, आणि त्यावर निकाल दिला तर ती आपली राहणार नाही. फ्लूट बँड हा प्रकार मुळात एका पंथाचा नाही. कॅथलिक समाजातील एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्सचे बँड होते, मद्यपानबंदी चळवळीचे होते, आणि रिपब्लिकन, म्हणजे अखंड आयरिश प्रजासत्ताक हवे असणाऱ्यांचे, फ्लूट बँड आजही आहेत. कित्येकदा एकाच कारखान्याचे फ्लूट दोन्हीकडे वाजतात. हे एका वाक्यात तरी यावे. त्याचबरोबर पोर्टाडाउनमधील गार्वाही रोडवरून निघणाऱ्या ड्रमक्री मिरवणुकीवरून १९९५ पासून ऑरेंजमन आणि तिथले कॅथलिक रहिवासी यांच्यात पेटलेला संघर्ष, त्यातून १९९८ च्या कायद्याने अधिकार मिळालेला परेड्स कमिशन (मिरवणुकांवर अटी घालणारे मंडळ) आणि मिरवणुकीची सूचना २८ दिवस आधी देण्याचा नियम, हेही आपल्या बँडच्या इतिहासाचा भाग आहेत, कारण प्रत्येक वर्षीचा त्यांचा अर्ज त्याच चौकटीतून जातो. जुलै २०१२ मध्ये बेलफास्टच्या डोनेगल स्ट्रीटवरील सेंट पॅट्रिक्स या कॅथलिक चर्चसमोर एका बँडने गोल फेर धरून वाजवले आणि त्याची चित्रफीत जगभर गेली. त्यानंतर चर्चसमोरून जाताना फक्त एकेरी ड्रमठोका वाजवण्याची अट हा विषय घराघरांत पोचला. आपल्या बँडवर कधी अशी अट आली का, हे कमिशनच्या प्रसिद्ध निर्णयांत तपासता येईल.

बँडच्या नावात किंवा निशाणावर कोणा मृत व्यक्तीचे स्मरण असेल तर ती व्यक्ती कोण, केव्हा आणि कशी गेली हे छापण्यापूर्वी स्वतः पाहा. अल्स्टर विद्यापीठाच्या ‘केन’ या संग्रहात १९६९ पासूनच्या संघर्षबळींची यादी आहे. ती व्यक्ती निमलष्करी संघटनेची निघाली तर समितीशी आधी बोला आणि छापायचे ते तथ्य म्हणून, विशेषणांशिवाय छापा. आपण बाहेरचे आहात याचा इथे फायदाच होतो: ‘मला समजत नाही, समजावून सांगा’ हे वाक्य आपण म्हणू शकता, तिथला माणूस म्हणू शकत नाही. शहराचे नाव डेरी लिहावे की लंडनडेरी (दोन समाज वेगवेगळी नावे वापरतात), हे मात्र समितीवर सोडा. पुस्तिका त्यांची आहे.

कामाचा क्रम म्हणाल तर आधी ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, मग कपाट आणि वह्या पाहा, आणि त्यानंतर बेलफास्टच्या टायटॅनिक क्वार्टरमधील पब्लिक रेकॉर्ड ऑफिस आणि लिनन हॉल लायब्ररी गाठा. लायब्ररीच्या राजकीय संग्रहात १९६० च्या दशकाच्या अखेरीपासूनची पत्रके आणि मिरवणुकांचे कार्यक्रम जपलेले आहेत. १९७४ च्या आसपासचे काही मिळाले तर तिथेच मिळेल. जून-जुलैमध्ये बँडवाल्यांना अजिबात वेळ नसतो, म्हणून मुलाखती हिवाळ्यात उरका.

समितीने ड्रमवर १८७९ ठेवायचे म्हटले तर ठेवू द्या. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मात्र पुढील मजकुरासारखे काही असावे, आणि हाती येणाऱ्या पुराव्याप्रमाणे त्यातील शब्द बदलावेत: ‘आमच्या शहरात या नावाचा बँड १८७९ पासून असल्याचे परंपरा सांगते. १९२१ च्या छायाचित्रात तो पार्ट म्युझिक वाजवणारा बँड दिसतो. आजचा बँड १९७४ मध्ये तरुणांनी त्याच हॉलमध्ये नव्याने उभा केला.’ हा मसुदा छापण्याआधी ज्येष्ठ सभासदांना वाचून दाखवा. ‘नव्याने’ या शब्दावर ते काय म्हणतात, तेही लिहून ठेवा.